परतीचा रकाना

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या, पण हे खरंच घडलंय. माझी मावशी खोटं बोलत नाही. आयुष्यात एकदाच बोलली, त्याचीच ही गोष्ट.

शहराच्या वाहतूक आराखड्याचं काम चालू होतं. कोण किती वाजता, कशाने, कुठे जातं, हे घरोघरी विचारायचं. त्यावरून नवे बसमार्ग ठरणार होते. मावशी कंत्राटी. हे काम चोख झालं तर ती कायम होणार होती.

तीन वर्षांपूर्वीचा मंगळवार. भर दुपार. चौथ्या मजल्यावरच्या एका घराला तिसऱ्या खेपेलाही कुलूपच. मावशीच्या पायांचे तुकडे पडले होते. ती जिन्यातच बसली आणि मनानेच फॉर्म ठोकून दिला.

एकटी आजी. दोन दहाची बस. दवाखाना. फोन नंबर मावशीने स्वतःचाच टाकला.

घाईत परतीचा रकाना कोरा राहिला...

"ही आजी गेली ती गेलीच का?" फॉर्म बघून साहेब म्हणाले. सगळं ऑफिस हसलं. त्यांनी तपासणीवाल्या मुलीला फॉर्मवरच्या नंबरवर फोन लावायला सांगितलं.

मावशीने मोबाइल मुठीत घट्ट धरला. आता वाजणार. आता बिंग फुटणार...

वाजलाच नाही.

मुलगी मात्र समोर बोलत होती. "हो आजी... बरं आजी..."

फोन ठेवून ती म्हणाली, "दवाखान्याच्या स्टॉपवर बसल्यात. परत कशाने जाऊ, विचारतायत."

खरं सांगावं तर नोकरी जाणार. तिने गुपचूप लिहून टाकलं: सहाची बस, घरी.

दुसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "ताई, त्या आजींचा फोन आला होता. घराला कुलूप आहे म्हणे... रात्रभर जिन्यात बसल्या होत्या. रडत होत्या हो."

मावशी घाबरली, पण त्याहून जास्त तिला वाईट वाटलं. त्या बाईला घराबाहेर आपणच काढलं होतं. तिने परतीचं ठिकाण खोडलं आणि तिथे आपला पत्ता लिहिला.

फोन थांबले. मावशी कायम झाली.

मावशी एकटीच राहते. गेल्या महिन्यात नव्या पाहणीची मुलगी तिच्या दारात आली.

"घरात माणसं किती?"

"मी एकटीच."

मुलगी हसली. मावशीच्या खांद्यावरून आत बघत म्हणाली, "आणि आजी, तुम्ही कुठे निघालात?"

मावशीने मागे पाहिलं नाही. घड्याळात दोनला पाच मिनिटं कमी होती.

ती फक्त दारातून बाजूला सरकली...

मी हल्ली तिच्याकडे गेलो की सहाच्या आत निघतो. सहा वाजले की मावशी दाराची कडी काढून ठेवते. का, असं एकदा विचारलं.

"तिच्याकडे किल्ली नाही ना रे," मावशी म्हणाली.