हॉलमधली होडी

चालू असलेल्या गोष्टीला उगाच हात लावायचा नाही, हे मी ऑफिसात रोज चार जणांना सांगते. वाशीच्या एका कंपनीत, दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हेच माझं काम. तरी घरच्या कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम ज्यावर चालायचा ते पायथन नावाचं सॉफ्टवेअर जुनं झालं, म्हणून एका रविवारी मी नवं टाकलं आणि सगळं बोंबललं.

कॅमेरा आईसाठी होता. जानेवारीत तिचं खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून वॉकरशिवाय एक पाऊल टाकायला बंदी. उलव्याच्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, खिडकीसमोर तिचा पलंग. गोजरा मावशी दिवसभर तिच्याजवळ असायच्या, पण दुपारी दोन तास घरी जेवायला जायच्या. तेवढ्यात आई उठलीच, तर कॅमेरा पलंगाबाहेर माणूस ओळखून माझ्या फोनवर मेसेज टाकायचा. पुन्हा पडल्या तर अंथरुणातून उठणार नाहीत, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. त्या दोन तासांत माझा जीव फोनमध्ये असायचा.

अख्खा रविवार त्यात गेला. जुन्या लायब्ऱ्या, म्हणजे प्रोग्रॅमचे आयते तुकडे, नव्या पायथनला चालेनात, एक बसवली की दुसरी रुसायची. शेवटी सगळं पुसलं आणि पहिल्यापासून लिहिलं. कॅमेऱ्यासमोर खुर्ची ठेवली, खुर्ची म्हणाला. छत्री उघडली, छत्री म्हणाला. पलंगावर आईभोवती हिरवी चौकट आली, माणूस. जमलं एकदाचं!

सोमवारी दुपारी बाराला मीटिंगमध्ये फोन वाजला. ‘होडी. खात्री ९१ टक्के.’

फोटोत आमचा हॉल होता. आई झोपलेली. पलंग आणि खिडकीच्या मधे, रिकाम्या फरशीवर, एक लांबट चौकट. फरशीवर काहीही नव्हतं.

मंगळवारी तोच मेसेज, पाऊण तास उशिरा. बुधवारी आणखी पाऊण तासाने. उन्हाची तिरीप असेल म्हणून मावशींना पडदे ओढायला लावले. तरी होडी. मी जाम वैतागले. प्रोग्रॅमला सांगून टाकलं, फक्त माणूस बघ, बाकी काही बघू नकोस. आधीच्या प्रोग्रॅममध्ये तसंच होतं, नव्याने लिहिताना ती ओळ राहून गेली होती. फोन गप्प झाला.

शनिवारी मी घरी होते. चारच्या सुमाराला गोजरा मावशींनी पलंगाजवळचं पायपुसणं उचलून खुर्चीवर ठेवलं. मग आईच्या सपाता कपाटावर ठेवल्या.

“मावशी, हे काय?”

“काय नाय, ताई. पानी चढायची येल झाली.”

“पाणी? अहो, सातवा मजला आहे आपला!”

“मजलं मागनं आलं, ताई. पयली हितं खाडीच होती,” असं म्हणून त्या भांडी घासायला निघून गेल्या.

मी हसले. मग फोनवर भरतीचं वेळापत्रक काढलं आणि हसू गेलं. सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही मेसेज भरतीच्या मिनिटाला आले होते.

जानेवारीपासूनचं सगळं रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. ते नव्या प्रोग्रॅममधून काढलं, या वेळी काहीही न गाळता. जानेवारीत होडी खिडकीपाशी, तळहाताएवढी. मार्चमध्ये टीपॉयजवळ. मे महिन्यात हॉलच्या मध्यावर. पहिल्या दिवसापासून ती येत होती, मीच प्रोग्रॅमला बघू दिलं नव्हतं. आदल्या दिवशी, शुक्रवारी, तिचं टोक पलंगापासून हातभर अंतरावर होतं.

रविवारी पलंग आतल्या खोलीत हलवायला घेतला, तर आई चिडली.

“मला इथनंच बरं दिसतं.”

“काय दिसतं, आई?”

“येणारं-जाणारं.”

तरी हलवलाच. कॅमेराही आत नेला. पावणेपाचला, भरतीच्या वेळी, आईचा हात घट्ट धरून बसले, मांडीवर लॅपटॉप. आई पडून होती.

होडी दारात आली.

मग आत.

चौकटीचं टोक पलंगाला लागलं.

“वैशू, हात सोड गं,” आई अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली. “दुखतंय.”

मी जरा सैल केला. एवढंच केलं.

स्क्रीनवर माणसाची चौकट पलंगावरून उठली आणि होडीच्या चौकटीत गेली. दोन्ही मिळून दाराकडे सरकल्या. मग दिसेनाशा झाल्या.

मी मान वळवली. आई पलंगावरच होती. श्वास चालू होता. मी तिला मिठी मारून हमसाहमशी रडले.

त्याला आता तीन आठवडे झाले. आई वॉकरशिवाय चालते. डॉक्टर म्हणाले, या वयात असं फार क्वचित होतं. पलंग तिने पुन्हा हॉलमध्ये आणून घेतला, कॅमेराही मी परत तिथेच लावला. गोजरा मावशींनी मात्र दुसऱ्याच दिवशी काम सोडलं. फोनवर “जमत नाय, ताई,” एवढंच.

आई दिवसभर घरात फिरते, पण ती उठल्याचा मेसेज एकदाही आलेला नाही. प्रोग्रॅम मी दहा वेळा तपासला. मला माणूस म्हणून ओळखतो. दूधवाल्याला दारातून ओळखतो. चूक सापडत नाही, आणि मला माझी आई हवी आहे.

आत्ताही मी हॉलमध्ये स्क्रीनसमोर बसले आहे. स्क्रीनवर आई स्वयंपाकघरातून बाहेर येताना दिसतेय, साडी नीट, केस विंचरलेले. तिच्याभोवती चौकट नाही. माझ्याभोवती आहे. माणूस, ९६ टक्के. आणखी एक चौकट आहे, लहानशी. कप. ती हळूहळू माझ्याकडे येतेय.

“घे,” माझ्या पाठीशी आवाज आला. “गार होईल.”