उसना आवाज

"कोन गं बाई तू? माझ्या आकूच्या नावानं कशाला रडून राह्यली?"

उषाबाईंच्या तोंडून हे शब्द निघाले आणि पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या भावनाच्या हातातला तांब्या हातातच राहिला... नऊ वर्षांनी आकांक्षा केदारखेड्याच्या घरात आली होती. हैदराबादहून थेट आईच्या उशाशी येऊन बसली होती, 'माय, मी आले गं' एवढंच म्हणाली होती; आणि त्या आंधळ्या माउलीने तिचा हात झटकून टाकला होता!

"माय, मीच आकू! तुझी धाकटी!"

"माझी आकू अशी न्हाई बोलत," उषाबाई धापा टाकत म्हणाल्या. "तिचा आवाज मी रोज ऐकते. भावना, हिला च्या पाज अन् जल्दी वाटंला लाव. कुनीबी यावं अन् लेक म्हनावं का?"

आकांक्षाने वळून थोरल्या बहिणीकडे पाहिलं. भावनाने मान खाली घातली. या अनर्थाचं मूळ कुठे आहे, हे त्या घरात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

नऊ वर्षांपूर्वी भोकरदनच्या स्टँडवर आकूला गाडीत बसवून दिलं होतं ते भावनानेच. घरी येऊन वडिलांसमोर, सर्जेरावांसमोर, उभी राहून 'मीच पाठवलं तिला सिनेमात' असं सांगितलं होतं, तेही तिनेच. आष्टीच्या पाहुण्यांनी भावनाची ठरलेली सोयरीक आठ दिवसांत मोडली. ती अंगणवाडीत लागली आणि माहेरीच राहिली. सर्जेरावांनी मात्र बायकोच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली, "तिचा एक शब्दबी ह्या घरात ऐकू आला, तर माझं मढं पाहसान!" आकूशी फोनवर बोलणंही बंद झालं. तिकडे आकांक्षा तेलुगू पडद्यावर नायिका झाली, चौकाचौकांत तिचे फलक लागले. इकडे साखरेच्या आजाराने उषाबाईंची नजर गेली. आधी सुईचं नेढं दिसेना, मग माणसांचे चेहरे, आणि शेवटी दारातला उजेडसुद्धा.

लेकीचा चेहरा नाही, आवाज नाही... कशाच्या आधारावर जगावं त्या बाईने? सर्जेराव शेतात गेले की भावना मोबाइलवर आकूचा सिनेमा लावी आणि आईच्या कानाशी धरी.

"ही माझी आकूच ना गं?" पहिल्याच दुपारी उषाबाईंनी विचारलं होतं.

भावनाला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. आकूचा आवाज जाड, काठाला घोगरा. हा तर घंटीसारखा किणकिणणारा! बाहेरून आलेल्या नायिकेला तिथली भाषा येत नाही, तिने नुसते ओठ हलवायचे आणि बोलायचं दुसरीनेच, अशी तिकडची रीत. पण तिने आईचा तो आसुसलेला चेहरा पाहिला.

"व्हय माय, आकूच."

"इतका गोड झाला गं आवाज?"

"तिथं शिकवतात, माय."

तेच सिनेमे हिंदीत आले की त्यांत दर वेळी वेगळी बाई बोले, म्हणून भावना जपून तेलुगूच लावी. तिथे सगळ्या सिनेमांत एकच आवाज होता. आईला एक शब्द कळत नसे, तरी ती ऐकत राही, मध्येच 'रडू नको बाई' म्हणून मोबाइलची समजूत घाली. आठवण म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. दर वेळी आठवताना ती थोडी नव्याने उमटते. आकूचा खरा आवाज असा दुपारी-दुपारी पुसत गेला... महिन्यापूर्वी सर्जेराव गेले, शपथही त्यांच्याबरोबर सरणावर गेली, पण तोवर फार उशीर झाला होता!

ओसरीवर येताच आकांक्षाचा बांध फुटला.

"ताई, माझ्या मायला तू परक्या बाईचा आवाज दिलास?"

"तुझा कुठून आनला असता गं? शपथ होती बाबांची..."

"चौदा सिनेमे केले, एकातबी माझा आवाज न्हाई. लोक तोंडावरून ओळखतात, अन् मी बोलले की म्हनतात, ही ती न्हाईच! मला वाटलं, जगात एक तरी मानूस आवाजावरून ओळखंल..." ती भिंतीला टेकून खाली बसली.

"मार मला. पन सकाळीच डॉक्टर म्हनले, किडन्या गेल्या, आजचा दिवस निघला तर निघला," भावना हुंदका दाबत म्हणाली. "मी आत्ता जाऊन खरं सांगते तिला."

"अन् इतकी वर्षं ती कुनाशी बोलली म्हनून सांगशीन? तेवढं एकच सुख होतं तिच्यापाशी, ताई. ते नको हिसकावू."

 आकांक्षाने डोळे पुसले आणि फोन लावला. पलीकडे पद्मजा होती. चौदाही सिनेमांत आकांक्षाच्या तोंडून बोललेली बाई! आकांक्षा तिला तेलुगूत काहीतरी समजावत होती आणि मधूनमधून एकेक मराठी शब्द फोड करून सांगत होती, जसे सेटवर कुणी तिला तेलुगू शब्द सांगायचे. 'आले गं' मधला 'गं' पद्मजाला तीनदा सांगावा लागला.

फोन उशीजवळ ठेवला गेला. आकांक्षाने आईची बोटं उचलून आपल्या ओठांवर टेकवली.

"माय, मी आले गं," फोनमधून तो किणकिणता आवाज आला. आणि आकांक्षाचे ओठ त्याच्या बरोबरीने हलले, केसाइतकाही फरक न पडता.

"आकू! आलीस गं बाई माझी!" उषाबाईंचा सुकलेला चेहरा क्षणात उजळून निघाला. बोटं ओठांवरून, गालांवरून, ओल्या पापण्यांवरून फिरली. "जेवलीस का गं? का तशीच आलीस?"

फोन गप्प झाला. पद्मजाला मराठी कुठे येत होतं! आईची बोटं पुन्हा ओठांवर येऊन थांबली होती, उत्तराची वाट पाहत.

"न्हाई माय," शेवटी आकांक्षाच बोलली, आपल्या जाड, घोगऱ्या, रडून फाटलेल्या आवाजात. "भूक लागली गं मला."

बोटं जागच्या जागी थबकली. उषाबाईंनी मान किंचित तिरपी केली, जणू फार लांबून कुणी हाक मारतंय...

"लई बोलाय लावतात का गं तुला तिकडं?" त्या हळूच म्हणाल्या. "पार घसा बसला... लहानपनी बिलकुल अशीच बोलायचीस." त्यांनी आकांक्षाचं डोकं छातीशी ओढून घेतलं. "भावना, हळद घालून दूध आन हिला. अन् तो मोबाइल बंद कर आता. लेक घरी आल्यावर तो कशाला?"

भावनाने फोन बंद केला. दूध तापेपर्यंत ती चुलीपाशी उभी राहून आतल्या दोघींचं बोलणं ऐकत होती आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिचं मन हलकं झालं होतं. हळद ढवळून तिने पेला उचलला, तेव्हा आईचा आवाज थांबला होता. आतून फक्त धाकटीचा घोगरा आवाज येत होता, "माय... माय गं... बोल ना..."