दोन झोळ्या, एक दोरी

एटापल्लीची एसटी गडचिरोलीच्या स्टँडवर लागली आणि दिव्या उठली. म्हणजे उठायचा प्रयत्न केला. सातवा महिना, पोटात जुळी... बाकड्यावरून उठणं हाच एक कार्यक्रम होता.

ती बुधरीबाईची वाट पाहत होती. घरी राहून लेकरं सांभाळायला बुधरीबाई येणार, असं पक्कं ठरलं होतं. दोन म्हाताऱ्या उतरल्या. एक कोंबडा उतरला. कंडक्टर उतरून चहाला गेला. बुधरीबाई काही उतरली नाही.

सगळ्यात शेवटी एक उंच, सावळा पोरगा उतरला. खांद्यावर बॅग, हातात पिकल्या टेंभरांची, म्हणजे तेंदूच्या फळांची, पिशवी. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि सरळ तिच्यापुढं येऊन उभा राहिला.

"दिव्याबाई तुमीच न?"

"कसं ओळखलं?"

त्याची नजर तिच्या पोटाकडं गेली आणि घाबरून वर पत्र्याला चिकटली. "आईनं... खूण सांगितली होती."

"बुधरीबाई कुठी हाये?"

"तेंदूत. ज्याले दोन हात हायेत तो सध्या पत्ता तोडून राह्यला जी. कोणतीच बाई येत नाई. मनून मले पाठवलं. मी दिनेश."

"तुमाले? मले तर बाई पायजे होती!"

"मी तरी कुठी बाई हाये मनून राह्यलो? पण बहिणीचे पोट्टे मीच वाढवले. टेंभरं खाता का?"

दिव्याला राग यायला हवा होता. हसू आलं. आणि भूकही लागलेलीच होती.

तिची गोष्ट तशी थोडक्यातच होती. नवरा मिरची तोडायला तेलंगणात गेला आणि तिकडंच दुसरी करून बसला. पंचांसमोर काडीमोड झाली तेव्हा पोटात एक आहे एवढंच माहीत होतं. दुसरं सोनोग्राफीत सापडलं. आई नाही. बाप, सुकलू, आलापल्लीकडं गावी... ढोरं सोडून येणार कसा? आणि हिचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष. परीक्षा दिवाळीच्या आधी. घरात राहणारं माणूस मिळालं नाही तर वर्ष गेलं, आणि एकदा गेलेलं वर्ष अशा पोरींना परत मिळत नाही, हे तिला माहीत होतं.

घरमालकीण इंदुताई अंगणवाडीत कामाला होत्या. त्यांनी दिनेशला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "छपरीत झोपशीन?"

"हो जी."

"माया कुत्रा तिथीच झोपते."

"मंग त्याले विचारून घेतो."

इंदुताई हसल्या आणि तो राहिला. तेंदूपत्त्याचा हंगाम संपेपर्यंतच, असं ठरलं.

पत्ता संपला. पण लगेच धानाची रोवणी आली आणि बुधरीबाई चिखलात उतरली. तोवर दिव्याला दोन पोरी झाल्या होत्या. एक झोपली की दुसरी उठायची, जशी ड्युटीच लावून घेतलेली.

दिनेशनं आढ्याला दोन झोळ्या बांधल्या, जुन्या लुगड्यांच्या. मग दोन्हींना मिळून एकच दोरी. तिचं एक टोक दिव्याच्या टेबलाशी, दुसरं खिडकीतून बाहेर छपरीच्या खांबाला. दिव्या वाचता वाचता ओढायची, तो भाजी चिरता चिरता ओढायचा. कधी दोघंही एकदम ओढायचे... दोरी ताणली जायची, झोळ्या मधेच थांबायच्या.

"सोडा न!" ती आतून.

"तुमी सोडा. तुमचा अभ्यास हाये."

"तुमची भाजी हाये."

कोणी सोडायचं नाही. शेवटी धाकटी रडायची, तेव्हा दोघंही सोडायचे.

एका दुपारी सुकलू आला. बगलेत कोंबडी, डोक्याला टॉवेल. दिनेश अंगणात दुपटी पिळत होता. म्हातारा बाजेवर बसला आणि नुसता पाहत राहिला. पाणी भरलं, पाहिलं. थोरलीला खांद्यावर टाकून ढेकर काढली, तेही पाहिलं. मग विचारलं, "किती देवाचा रे तू?"

आत दिव्याच्या हातातला पेनच थांबला. गोंडांत असं कोणी उगाच विचारत नाही. सोयरीक जमते का, हे पाहायला देव विचारतात; आकडा सारखा निघाला तर सोयरीक नाही.

"सहा देवाचा जी," दिनेश म्हणाला.

"आमी सात. जमते." म्हातारा खूश. "मी बी इच्या आईच्या घरी तीन वर्षं लमझना होतो. लग्नाच्या आधी पोरीच्या घरी राबलो, तवा सासऱ्यानं पोरगी देली. मी नांगर हाकला, तू दुपटी धुतो. जमाना बदलला, काम तेच."

दिव्याच्या ओठांवर आलं होतं... बाबा, तो पगारी हाये, कामाले ठेवला. पण हे दिनेशनं सांगावं म्हणून ती थांबली.

दिनेश थोडा वेळ दुपटंच झटकत राहिला. मग म्हणाला, "मले नांगर बी येते जी."

बस. एवढंच.

त्यानंतर दोघांचं बोलणंच आटलं. दोरी हलायची, पण ताणली जायची नाही. म्हाताऱ्याचा मान राखला असेल त्यानं, दिव्या मनाशी म्हणायची. विचारावं तर... आणि तो 'हो, मानच राखला' म्हणाला तर? एक माणूस जाताना तिनं पाहिला होता. दुसऱ्याला आपणच दार दाखवायचं का?

रोवणी संपली. बुधरीबाई एकदाची आली. थोरलीला उचलून घेतलं, मुका घेतला आणि पोराला म्हणाली, "जा आता तू. धानाचं पाणी पाय."

दिनेशनं बॅग भरली. इंदुताईंच्या पाया पडला, कुत्र्याला थोपटलं. मग खांबाची गाठ सोडायला वाकला.

आत दोरी ढिली पडली. दिव्यानं ती पाहिली... आणि जोरात ओढली. टोक त्याच्या हातातच होतं. त्यानं सोडलं नाही.

"बाबाले खरं काऊन नाई सांगितलं?" ती खिडकीतून म्हणाली.

"कोणतं खरं?"

"हेच, का तुमी पगारावर कामाले हा."

"मी खोटं काय बोललो? देव विचारला, सांगितला. नांगर येते, तेई सांगितलं."

"ते तुमाले लमझना समजले!"

त्यानं वर पाहिलं. यावेळी पत्र्याकडं नाही, तिच्याकडं. "मी बी तेच समजलो... त्या दिवसापासून. तुमी काई बोलल्या नाई, मले वाटलं तुमाले नाई पटलं."

धाकटी झोळीत कुरकुरली. दोघांनाही ऐकू आलं, पण कोणी हललं नाही.

"माया मांग दोन पोरी हायेत, दिनेश."

"मले सांगून राह्यल्या? धाकटीले उजव्या कुशीवर झोप लागते, हे तुमाले तरी माहीत हाये का?"

नव्हतं. दिव्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि आवाजात मात्र तोरा.

"माया बाबानं तीन वर्षं काढली. तुमची आत्ता कुठी एक रोवणी झाली. मधातच पळून राह्यले?"

"मंग... बॅग?"

"ठेवा तिथीच. गाठ बांधा पयले. मले अभ्यास हाये."

"मंग मी काऊन आली?" बुधरीबाई आतून ओरडली.

"च्या प्यायले," इंदुताई म्हणाल्या. "आन् सोयरीक करायले."

दिनेशनं गाठ बांधली. चांगली पक्की, दोनदा. मग हळूच दोरी ओढली आणि दिव्यानं तिकडून ओढायच्या ऐवजी, पहिल्यांदाच, आपणहून सोडून दिली.

दोन्ही झोळ्या एकदम हलल्या.