भिंतीला टेकलेलं सरपण

"दुपारच्या घंटेआधी कबुतरांच्या पिल्लांचा चोर सापडला नाही, तर बाबांना वेशीबाहेर घालवणार आहेत," ओदीन म्हणाली.

"पेंटेकॉस्टच्या सणाची सुट्टी, आणि आपण चोर शोधतोय," तिचा मित्र रेनो कुरकुरला, पण निघाला. त्याची धाकटी बहीण पेरेट केव्हाच पुढे पळाली होती.

नॉर्मंडीतल्या त्या जहागिरीत कबुतरखान्याची किल्ली एकट्या ओदीनच्या वडिलांकडे असे. आठवड्यात ढीगभर पिल्लं नाहीशी झाली. कारभाऱ्याने डोकं शिणवलंच नाही. राखणदारानेच विकली म्हणत त्याने कालच वडिलांना कोठारात कोंडलं.

कबुतरखान्याच्या गोल भिंतीला डोक्याच्या वर एक बाहेर आलेला गुळगुळीत दगडी कंगोरा होता. "पिल्लं खायला आलेलं उदमांजर इथवर चढतं आणि खाली आपटतं," ओदीन म्हणाली. "मग वरच्या झरोक्यातून आत जाणार कोण?"

"मी जाऊ?" पेरेटचा आवाज वरून आला. ती छपराच्या कडेला पाय सोडून बसली होती.

"तू तिथे कशी गेलीस गं?"

"मागच्या सरपणावरून. काल आम्ही घसरगुंडी खेळलो."

सणाच्या भट्टीसाठी कारभाऱ्याने मोळ्या भिंतीलाच रचल्या होत्या, कंगोऱ्याच्याही वर. तिघं मोळ्या उपसायला लागली. खालून कोवळे पंख निघाले, रक्ताळलेली पिसं निघाली, आणि एक तपकिरी उदमांजर रेनोच्या पायांमधून सुसाट पळालं.

"अरे, चोर गेला ना तुझा," पेरेट म्हणाली. रेनो मटकन बसला होता.

पोरांनी नेलेले पंख बघून कारभाऱ्याचं तोंड उतरलं. वडील सुटले. त्यांनी धावत येऊन दार उघडलं, आतली फिरती शिडी गोल फिरवली, घरट्यांच्या एकेका कोनाड्यात हात घातला. अंडी गार होती. एकही कबूतर नव्हतं. कालपासून आत कुणी डोकावलंच नव्हतं.

"भिंतीला काही टेकवू नका, दोनदा सांगितलं होतं," ते कारभाऱ्याला म्हणाले. "भ्यालेला थवा परत येत नाही." वडिलांना रडताना ओदीन पहिल्यांदाच बघत होती.

जहागीरदार स्वतः आले. "शाब्बास! मोठ्यांना जमलं नाही ते पोरांनी केलं. माग पोरी, काय हवं ते."

"बाबांचं काम."

जहागीरदारांनी रिकाम्या कोनाड्यांकडे पाहिलं. "कबुतरंच नाहीत, तर राखणदार कशाला गं?" ते मऊ आवाजात म्हणाले. "सण संपेपर्यंत राहा हवं तर."

मागे कारभारी सरपण हलवून घेत होता. पोरांना एकेक गोड पाव मिळाला. ओदीनने तो घेतला आणि वडिलांबरोबर सामान बांधायला गेली.