सिंहाची दाढी कोण करणार?

“पुन्हा लागला! अगं बघ, बघ!” प्रोफेसर ओरडला.

भिंगरीने खिडकीच्या काचेला नाक चिकटवलं. शेजारच्या बंद घरात आरशावरचा दिवा उघडझाप करत होता. लागला, विझला. लागला, विझला. घरात तर चिटपाखरू नव्हतं!

“भूत!” शेपूट म्हणाली. ही प्रोफेसरची धाकटी बहीण. कायम दोघांच्या मागे, म्हणून शेपूट.

“भुताला दिवा कशाला लागतोय? गप बस!” प्रोफेसरने चष्मा वर सरकवला. या चष्म्यामुळेच तो प्रोफेसर.

भिंगरी मात्र हसली नाही. ते घर वस्तराआजोबांचं होतं, आणि आता आजोबा नव्हते. जन्मभर न्हाव्याचं काम केलेला माणूस. ऐकू येत नसे, बोलता येत नसे, पण थापा? बाप रे! हातांनी अशा थापा मारायचे की पोरांची हसून मुरकुंडी वळायची. सुट्टीत मुलं आली की फुग्याला साबणाचा फेस लावून वस्तरा धरायला शिकवायचे. फुगा फुटला की नापास!

त्यांची लाडकी थाप म्हणजे सिंह. दोन्ही हातांनी आयाळ फुलवायची, जबडा फाडायचा, मग मागच्या दाराकडे बोट दाखवायचं. म्हणजे काय, तर सिंह मागच्या दाराने येतो आणि मुकाट्याने खुर्चीत बसून दाढी करून घेतो!

तेवढ्यात टेम्पो आला. आजोबांचा पुतण्या दोन हमालांना घेऊन उतरला. घर आजच रिकामं करायचं होतं.

“काका, आत दिवा आपोआप लागतो!” भिंगरी धावत गेली.

“वायर सैल असेल. जाताना मेन स्विचच बंद करतो. चला, बाजूला व्हा!”

“ती खुर्ची कुठे नेताय?”

“भंगारात. दुसरीकडे कुठे?”



प्रोफेसर आत शिरून दिव्यापासून निघालेली वायर बघत बघत भिंतीच्या कडेने चालला होता. वायर मागच्या दाराच्या चौकटीतून बाहेर गेली होती. बाहेर एक बटण होतं. त्याने ते दाबलं. आत दिवा लागला!

“अगं, ही घंटा आहे! आजोबांना ऐकू यायचं नाही ना, म्हणून दिवा! मगाशी कुणीतरी बटण दाबलं!”

गल्लीच्या टोकाला एक म्हातारा काखेत टॉवेल धरून हळूहळू निघाला होता.

“ओ आजोबा! थांबा!” भिंगरीने बेंबीच्या देठापासून हाक मारली. म्हाताऱ्याने वळूनही पाहिलं नाही. ती धावली, त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, आणि उभीच राहिली.

पांढरी दाढी छातीपर्यंत पिंजारलेली. हात थरथरत होते. या हातांत वस्तरा कसा धरणार?

भिंगरीने हळूच दोन्ही हातांनी आयाळ फुलवली.

म्हातारा खुदकन हसला. स्वतःकडे बोट दाखवलं. मग गालावरून बोट फिरवलं, घराकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या. कुठे गेलाय हा? दार का उघडत नाही?

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं! आता कोण सांगणार? आणि कसं? आजोबांनी तिला सिंह शिकवला होता, वस्तरा शिकवला होता. ही खूण काही शिकवली नव्हती. भिंगरीने त्याचा हात धरला आणि त्याला घरात नेलं.

आत वेगळाच गोंधळ. खुर्चीत शेपूट फतकल मारून बसली होती.

“न्या ना! मला खुर्चीसकट भंगारात न्या!”

“ही पोरगी खुर्चीला डिंकाने चिकटवलीय की काय!” पुतण्या वैतागला होता. दारातला म्हातारा दिसला आणि तो थांबला.

म्हाताऱ्याने रिकाम्या भिंती पाहिल्या, दोरीने बांधलेली गादी पाहिली. मग बोटांनी वस्तरा उघडल्याची खूण केली आणि अगदी सावकाश तो मिटला. भिंगरीकडे पाहिलं.

भिंगरीने मान हलवली. तिचे डोळे भरून आले. शेपूट न सांगता खुर्चीतून उतरली. म्हातारा तिथे बसला आणि त्याने टॉवेल मांडीवर पसरला.

“मी सगळ्यांना फोन केले होते गं,” पुतण्या पुटपुटला. “एकालाही सोडलं नाही.”

“काका, यांना फोन ऐकू कसा येणार?” प्रोफेसर हळूच म्हणाला.

 पुतण्याने हमालांना थांबायला सांगितलं, बांधलेलं एक खोकं सोडलं आणि वस्तरा काढला.

“काका, येतं तुम्हाला?” भिंगरीने विचारलं.

“मीही सुट्टीत इथेच यायचो. फुगे किती फोडले, विचारू नकोस!”

साबणाचा फेस झाला. वस्तरा आधी घाबरत, मग नीट चालू लागला. दारात भिंगरीची आई येऊन उभी होती. हळूहळू सिंहाच्या आतून एक बारकासा म्हातारा निघाला. गालावर ओरखडासुद्धा नाही! त्याने पुतण्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

“घर आवरायला मी आलो होतो,” पुतण्या भिंगरीच्या आईला म्हणाला, “पण माझ्या काकांचं खरं काम तुमच्या पोरांनी केलं. शाबास रे! खुर्ची आता माझ्या घरी येईल. आणि ताई, या आजोबांच्या घरचा पत्ता घेऊन ठेवतो. दर आठवड्याला दाढीला मी जाईन.”

आईने तिघांनाही जवळ ओढलं.

संध्याकाळी टेम्पो भरला. पुतण्याने मेन स्विचवर हात ठेवला. तेवढ्यात आरशावरचा दिवा लागला, विझला. मागच्या दारात म्हातारा बटणावर बोट ठेवून उभा होता, आरशाकडे बघत.

पुतण्याने स्विचवरचा हात खाली घेतला.