सकाळी रुसणारी पेटी

आप्पांची पेटी रोज सकाळी रुसायची आणि दुपारी आपली आपण ताळ्यावर यायची. असं का, ते कुणालाच कळेना.

पेटी म्हणजे आप्पांनी घरीच जोडलेला नियंत्रण फलक. प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर आप्पा परसातल्या टाकीत काकवीचा शिरका (व्हिनेगर) आंबवू लागले होते. टाकीतले सूक्ष्मजीव गारठले की आंबणं थांबतं, म्हणून टाकीशेजारच्या पेटीतला रिले (छोट्या विजेनं मोठी वीज चालू-बंद करणारी कळ) हीटर सांभाळायचा. दसरा झाला आणि बिघाड सुरू झाला. सकाळी हीटर लावला की खट्! गळतीरक्षक (वीज भलतीकडे जाताच पुरवठा तोडणारी कळ) पडायचा.

"स्क्रू त्या चिमट्या यंत्रमानवानं आवळलेत. चूक त्याचीच," आप्पा वैतागून म्हणाले. "आज दोष नाही सापडला, तर उद्या त्याला कारखान्यात परत धाडतो."

त्यांच्या नातीला, शर्वाणीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चिमट्या घरात नवाच आला होता. तो येण्याआधी आप्पांच्या हातात पक्कड द्यायचा मान तिचा होता. आता आप्पांनी हात पुढे करायच्या आत चिमट्या पक्कड ठेवायचा, वर शाबासकीही मिळवायचा. तिचा नुसता जळफळाट व्हायचा. खंडेनवमीला हत्यारांची पूजा तिनं केली, तेव्हा पान्यापासून पेटीपर्यंत सगळ्यांना हळद-कुंकू लावलं आणि चिमट्याला मुद्दाम वगळलं. कपाळ पुढे करून तो बिचारा कितीतरी वेळ उभा होता.

आज चिमट्या कोपऱ्यात होता आणि मीटर शर्वाणीच्या हातात.

"गळतीरक्षकाला कळतं कसं, आप्पा?"

"सहलीला जाताना बाई मुलं मोजतात, परतताना पुन्हा मोजतात. एक जरी कमी भरलं, तरी बस हलत नाही. तसा हा हीटरकडे गेलेली आणि परत आलेली वीज ताडून पाहतो. कमी भरली, तर ती वाटेत कुठंतरी गळाली. कदाचित कुणाच्या अंगातूनही जात असेल! म्हणून तो लगेच पुरवठा तोडतो."

"मग गळती शोधायची कशी?"

"एकेक भाग सुटा करून. पण आधी मुख्य कळ बंद!"

कळ बंद झाली. आप्पांनी हीटर सुटा केला, शर्वाणीनं त्याच्या तारेपासून पत्र्यापर्यंतचा रोध (विजेला होणारा अडथळा) मोजला. भरपूर होता, म्हणजे हीटर निर्दोष. पंपही निर्दोष निघाला. नुसती पेटी मोजली, तर मीटरवरचा आकडा धाडकन खाली आला.

"चोर पेटीत आहे! पण तो दुपारी कुठं जातो?"

"सकाळी काय असतं, जे दुपारी नसतं?"

"दव! म्हणजे ओलावा."

"शाबास! आता हा ओलावा कशात मुरतोय ते बघ."

तिनं विजेरी आत धरली. झाकणाच्या फटीतून एक लाल-पिवळा ओघळ तारेच्या स्क्रूवरून थेट पत्र्यापर्यंत उतरला होता. शर्वाणीला खंडेनवमी आठवली. चिमट्याच्या वाट्याचं हळद-कुंकूही तिनं पेटीलाच फासलं होतं, पाण्यात चांगलं पातळ कालवून.

आप्पा चष्मा पुसत होते. बोटानं ओघळ पुसला की संपलं. चिमट्या जाईल, पक्कड पुन्हा आपली. तिनं कोपऱ्याकडे पाहिलं. चिमट्या कोरडा फडका पुढे करून उभा होता. तिला तो लागेल म्हणून.

"आप्पा, चिमट्यानं काही नाही केलं. हे माझं हळद-कुंकू आहे." तिनं ओघळावर विजेरी रोखली. "तुम्ही सारखं त्यालाच शाबास म्हणता. मला नाही आवडत तो!"

आप्पांनी ओघळ बोटावर घेऊन पाहिला.

"कुंकवात पापडखार असतो," ते म्हणाले. "असा क्षार दव ओढून घेतो आणि ओल्या क्षारातून वीज वाट काढते. उन्हात सुकला की वाट बंद." मग त्यांनी तिला जवळ ओढलं. "पण मोजण्यात मीही चुकलो गं. माझ्या सहलीतलं एक मूल मागेच राहिलं होतं."

पेटी पुसून, वाळवून त्यांनी हीटर लावला. गळतीरक्षक पडला नाही. शर्वाणीनं चिमूटभर कुंकू घेतलं आणि चिमट्याच्या पत्र्याच्या कपाळावर टेकवलं.

"कोरडंच लावते हं. तुझ्याही पोटात तारा आहेत."

"नवमीपासून वाट पाहत होतो," चिमट्या म्हणाला.

"आप्पा, पुढच्या दसऱ्याआधी पेटीला ओलावा ओळखणारं नाक बसवू या. आम्ही दोघं बनवतो," शर्वाणी म्हणाली.

"आत्ताच सुरू करू की! पक्कड?" आप्पांनी हात पुढे केला.

चिमट्यानं पक्कड उचलली आणि शर्वाणीच्या हातात दिली.