दोनशे सात नंबरचा फोन

यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्या. लतिकालाही बरेच दिवस पटत नव्हतं, आणि घडलं होतं ते तिच्याच बाबतीत.

तारीख १० मे २००६. बुधवार. वसईतलं एक ट्रस्टचं हॉस्पिटल. नाव मुद्दाम सांगत नाही.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

लतिका माझी मावसबहीण. राहायला चंदनसारला, नोकरी त्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर रूममध्ये. रूम कसली, जिन्याखालची खोली. एक सर्व्हर, एक यूपीएस, दोन खुर्च्या.

दुसरी खुर्ची पॉलिनताईंची.

पॉलिनताई वटार गावच्या. हॉस्पिटलची सगळी सिस्टिम त्यांनी उभी केली आणि नऊ वर्षं एकटीने ओढली. लतिका मूळची डाटा एंट्रीची, तिला हाताला धरून शिकवलं ते त्यांनीच. त्यांची एक जाड वही होती. कुठली कमांड कधी मारायची, बॅकअप कसा घ्यायचा, अडकलेला प्रिंटर कसा सोडवायचा, सगळं त्यात. प्रत्येक कमांडखाली मराठीत एक ओळ. 'हे मारण्याआधी दोनदा वाच.' 'घाबरू नको, याला वेळ लागतो.'

मार्चमध्ये त्यांच्या किडन्या गेल्या. त्याच हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावर त्यांना ठेवलं. खाट नंबर सात. खाटेशेजारी इंटरकॉम. नंबर २०७.

लोकांनी त्यांना तिथेही सोडलं नाही. लॅबवाले फोन करायचे, रेकॉर्डवाले करायचे. सगळ्यात जास्त लतिका करायची. एवढंच सांगा ना ताई, म्हणून. डायलिसिसवरून आल्या आल्याही त्या सांगायच्या. कधी नाही म्हटलं नाही.

मे महिन्यात लोडशेडिंगने जीव काढला होता. लतिका तीन रविवार घरी राहिली नव्हती. घरची माणसं बोलायची बंद झाली होती. खुर्चीत बसल्या बसल्या तिचे डोळे मिटायचे.

त्या बुधवारी बाराला वीज गेली. जनरेटर फक्त ऑपरेशन थिएटरपुरता. यूपीएस तासभर किंचाळला...

आणि गप्प झाला. सर्व्हर धाडकन बंद.

साडेतीनला वीज आली. सर्व्हर मात्र सुरू होईना. काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत दोन ओळी यायच्या आणि तो तिथेच थांबायचा.

तेवढ्यात वरून निरोप आला. कळंबची सुभद्रा नावाची बाई, बाळंतपणात रक्तस्राव थांबत नव्हता. गट ओ निगेटिव्ह. हॉस्पिटलात होत्या त्या दोन बाटल्या संपल्या होत्या. या गटाचे रक्तदाते वसईत कोण कोण आहेत, त्यांचे फोन नंबर... सगळं सर्व्हरमध्ये.

लतिकाने वही उघडली.  ते पान सापडलं. वर त्या इंग्रजी ओळी जशाच्या तशा उतरवलेल्या. खाली कमांड नव्हती.

नुसतं लिहिलं होतं, 'ही वेळ आली तर मला विचार.'

तिने २०७ फिरवला.

बराच वेळ रिंग वाजत राहिली...

मग कुणीतरी उचलला.

आधी नुसता श्वास. लांब, थकलेला. मग पॉलिनताईंचा आवाज.

"बोल, बाय."

लतिका एका दमात सगळं बोलून गेली. पलीकडे वॉर्डचा काहीच आवाज नव्हता. ट्रॉली नाही, पंखा नाही, कुणाचं खोकणं नाही. पण तेव्हा ते तिच्या लक्षातही आलं नाही.

ताई एकेक अक्षर सांगू लागल्या. एफ. एस. सी. के. जागा सोड. डॅश वाय. मग डिस्कचं नाव. बिघडलेली डिस्क तपासून दुरुस्त करायची कमांड होती ती. प्रत्येक अक्षरानंतर श्वास... लतिका वहीत लिहीत गेली.

"हे वाय कशाला, ताई?"

"सर्व्हर शंभर प्रश्न विचारेल. सगळ्याला हो म्हणायचं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि हे झालं ना, की माझं नाव काढून टाक तिथून. मी फार दमले."

लतिका हो म्हणाली आणि तिनेच फोन ठेवला. पावणेचार वाजले होते.

सर्व्हर सुरू झाला. यादीत अकरा नावं निघाली. चौघे जण तासाभरात आले. सुभद्रा वाचली, मुलगी झाली.

पाच वाजता लतिका ताईंना सांगायला वर गेली.

सात नंबरची खाट रिकामी होती. गादी गुंडाळलेली.

जुलियाना सिस्टर चादरी मोजत होती. लतिकाकडे बघून ती घुटमळली. तुला कुणी सांगितलं नाही का, म्हणाली. पॉलिन दीडला गेली. अडीचला घरच्यांनी वटारला नेली.

लतिका म्हणाली, मी पावणेचारला बोलले त्यांच्याशी. या फोनवर.

जुलियानाने भिंतीकडे नुसतं बोट केलं.

भिंतीतून दोन उघड्या वायरी बाहेर आल्या होत्या. खाली फोनच नव्हता.

"तो काल रात्रीच काढला. डॉक्टर चिडले होते, म्हणाले, तिला झोपू तरी द्या."

दुसऱ्या दिवशी लतिका वटारला मातीला गेली. ताईंची बहीण अँजेलिना तिच्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, काल चारच्या सुमाराला आम्ही प्रार्थना करत होतो. पॉलिनच्या बोटांत रोझरीची माळ गुंडाळली होती. ती तीनदा सुटली. कुणी हातही लावला नव्हता.

 

शुक्रवारी ती कामावर आली. ताईंचं सर्व्हरवरचं खातं काढून टाकायला बसली. तेवढंच मागितलं होतं त्यांनी. कमांड बरोबर मारली. दोनदा वाचून मारली.

उत्तर आलं, 'यूझर पॉलिन सध्या लॉग-इन आहे. खातं काढता येणार नाही.'

तिने बघितलं, कुठून? नेटवर्कवरून नव्हतं. सर्व्हरच्याच कीबोर्डवरून दिसत होतं. त्या कीबोर्डसमोर तर ती स्वतः बसली होती.

सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. तेच उत्तर. सोमवारी केलं. तेच. बाहेरून इंजिनिअर बोलावला. बग असेल मॅडम, असं म्हणून तो निघून गेला.

शेजारची खुर्ची लतिकाने मग तिथून हलवू दिली नाही.

तीन वर्षं ती दर महिन्याला एकदा ती कमांड मारायची. दर महिन्याला तेच उत्तर. २००९ मध्ये नवीन सर्व्हर आला आणि जुना भंगारवाल्याने टेम्पोत घालून नेला. त्याच वर्षी लतिकाने ती नोकरी सोडली.

फोनवर मेलेलं माणूस बोललं याची भीती आता तिला वाटत नाही, असं ती म्हणते. तिला झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीने. ताई म्हणाल्या, मी फार दमले. आणि तिने काय झालं म्हणूनही विचारलं नाही. नुसतं हो म्हटलं आणि फोन ठेवला.

मागे एकदा ती मला विचारत होती, भंगारात गेलेली मशीन लोक पुन्हा चालू करतात का रे?

करतात, मी म्हटलं. दुरुस्त करून विकतात.



ती म्हणाली, म्हणजे ताईंची अजून सुटका नाही.